पट्टा, पावती आणि समृद्धी

गंगापूर तालुक्यात सीटबेल्ट हा बराच काळ शहरी माणसांचा चोचला होता. लासूर, वाळूजकडची माणसं फिरली ती काळीपिवळीतून. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं. तिथं पट्टा कोणी बांधायचा? पावती मात्र फाटायची एकट्यादुकट्या कारवाल्याची. 'आम्हीच सापडतो का?' ही तक्रार तेव्हापासूनची, आणि ती खोटी नव्हती.

3 जून 2014 रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत कार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागच्या पट्ट्याचा विषय जाहीरपणे काढला, पण मराठवाड्यात चर्चा चालली ती घातपाताची. सीबीआय चौकशी झाली, निष्कर्ष अपघाताचाच निघाला. पट्टा राहिला बाजूला.

1 सप्टेंबर 2019 पासून केंद्राने पट्टा न बांधण्याचा दंड 1000 रुपये केला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंडाची अंमलबजावणी रोखली. राज्यात सुधारित दर यायला डिसेंबर 2021 उजाडला. मग 2022 मध्ये 14 ऑगस्टला मराठा नेते विनायक मेटे रस्ते अपघातात गेले आणि 4 सप्टेंबरला चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री. मिस्त्रींच्या गाडीतले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सगळ्याच प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला. केंद्राच्या नियमात मागच्या सीटचा उल्लेख आधीपासून होता, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं. आपल्याकडे कायदा मोठ्या माणसाच्या मरणाची वाट पाहतो, असं म्हणावंसं वाटतं.

त्याच वर्षी 11 डिसेंबरला 'समृद्धी' महामार्ग सुरू झाला. आमच्या तालुक्यातून गाड्या ताशी 120 ने धावू लागल्या.

15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री, शेजारच्या वैजापुरात, जांबरगाव टोलनाक्याजवळ सैलानीबाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी मिनीबस ट्रकवर मागून आदळली. बारा ठार. बसमध्ये पस्तीस माणसं, म्हणजे क्षमतेच्या जवळपास दुप्पट. तो ट्रक आरटीओच्या पथकाने महामार्गावरच थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. पट्ट्याची सक्ती हवी की नको, हा वाद त्या रात्रीनंतर मला फिजूल वाटतो. सक्ती हवीच, पण तपासणी टोलनाक्यावर व्हावी, जिथं गाडी तशीही थांबते. आणि पहिली पावती कोंबून माणसं भरणाऱ्याची फाटावी, पट्टा विसरलेल्याची त्यानंतर.