वजन घटले, तोल सावरला : निकॉनची नवी ‘स्टँडर्ड झूम’

लग्नसोहळा असो, पत्रकार परिषद असो वा मोर्चा. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर दिवसाचा बहुतांश वेळ चढवलेली असते ती २४ ते ७० मिलिमीटरची झूम लेन्स. खोलीभर माणसे एका चौकटीत सामावून घेणे आणि पुढच्याच क्षणी एखाद्या चेहऱ्यापाशी पोहोचणे, ही दोन्ही कामे ती एकटी करते. म्हणूनच तिला ‘स्टँडर्ड झूम’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निकॉनने आपल्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी या लेन्सची दुसरी आवृत्ती सादर केली. तिचे प्रथमदर्शनी वैशिष्ट्य म्हणजे हलकेपणा.

या जातीच्या लेन्स मुळात जड का असतात? कारण त्यांचे छिद्र एफ/२.८ इतके मोठे उघडते. एफ/४च्या तुलनेत येथे दुप्पट प्रकाश आत येतो. मंगल कार्यालयाच्या अपुऱ्या उजेडात जेथे सेकंदाच्या साठाव्या भागावर थांबावे लागते, तेथे एकशेपंचविसावा भाग पुरतो आणि हलणारी माणसे कमी पुसट येतात. मात्र मोठ्या छिद्रासाठी काचाही मोठ्या लागतात. निकॉनची २००७ मधील २४-७० लेन्स ९०० ग्रॅमची होती. २०१५ मध्ये हाताचा कंप शोषणारी यंत्रणा तिच्यात बसवली गेली आणि वजन १०७० ग्रॅमवर गेले. पुढे फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यांत ही यंत्रणा कॅमेऱ्यातच आली. २०१९ ची लेन्स ८०५ ग्रॅमवर उतरली. नवी लेन्स ६७५ ग्रॅमची आहे. आधीच्या १७ भिंगांऐवजी तिच्यात १४ भिंगे आहेत. दहा-बारा तास कॅमेरा उचलणाऱ्या मनगटाला १३० ग्रॅमची ही सवलत निश्चितच जाणवावी.

खरा बदल मात्र तराजूवर दिसत नाही. जुन्या लेन्सची नळी झूम करताना पुढे सरकत असे. नव्या लेन्समध्ये सारी हालचाल आतल्या आत होते, बाहेरची लांबी तीच राहते. त्यामुळे झूम करताना तोल फारसा ढळत नाही. चित्रीकरणासाठी गिंबल वापरणाऱ्यांना तर हे वरदानच. एकदा साधलेला तोल झूम बदलताच पुन्हा साधत बसावा लागत नाही. शिवाय नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळही ओढली जाते. तो धोकाही येथे कमी होतो.

जवळच्या वस्तू टिपण्यातही प्रगती आहे. जुन्या लेन्सला ३८ सेंटिमीटरचे अंतर लागत असे. नवी २४ मिलिमीटरवर २४, तर ७० मिलिमीटरवर ३३ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. अंगठी वा मेंदीचा तपशील टिपण्यासाठी हे सोयीचे. छिद्राची पाती ९ वरून ११ झाल्याने पार्श्वभूमीतील दिव्यांचे ठिपके अधिक गोलाकार उमटतात.

या साऱ्याची किंमतही मोजावी लागते. नळी बाहेर येत नसल्याने लेन्स मुळातच लांब आहे : जुनी १२६, तर नवी सुमारे १४२ मिलिमीटर. बॅगेतील जुना कप्पा कदाचित अपुरा पडेल. फिल्टरचा आकार ८२ वरून ७७ मिलिमीटर झाल्याने जुने फिल्टर थेट बसत नाहीत. अर्थात ७०-२०० एफ/२.८ बाळगणाऱ्यांना आता दोन्हींसाठी एकच संच पुरेल. कंप शोषणारी यंत्रणा लेन्समध्ये नाही, त्यामुळे ‘झेड ५०’सारख्या, ती आतही नसलेल्या कॅमेऱ्यांवर हात स्थिर ठेवण्याची जबाबदारी छायाचित्रकाराचीच. अमेरिकेत पहिली आवृत्ती सुमारे २३०० डॉलरला आली होती, दुसरी सुमारे २८०० डॉलरला आली.

तेव्हा घाई कोणी करावी? ज्यांचा चरितार्थ चित्रीकरणावर आहे किंवा ज्यांचे मनगट दिवसअखेर तक्रार करते, त्यांच्यासाठी हा खर्च म्हणजे गुंतवणूक ठरू शकते. केवळ स्थिरचित्रे टिपणाऱ्यांनी हातातली जुनी लेन्स टाकून देण्याचे कारण नाही. हौशी छायाचित्रकारांसमोर २४-१२० एफ/४ हा ६३० ग्रॅमचा आणि बराच स्वस्त पर्याय आहेच. अंधारात लाभणारा दुप्पट प्रकाश आपल्याला खरोखर किती वेळा लागतो, याचे प्रामाणिक उत्तर मिळाले की निवड आपोआप सोपी होते.