अभियांत्रिकीचे पहिले वर्ष: सर्व शाखांना सारखेच विषय का?

संगणक शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कार्यशाळेत कानस हाती घेऊन लोखंडी पट्टी घासावी लागते आणि स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगचे धडे गिरवावे लागतात. याचा आपल्या शाखेशी संबंध काय, असा प्रश्न दरवर्षी अनेक पालकांकडून विचारला जातो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०१८ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार चार वर्षांसाठी १६० श्रेयांक ठरविण्यात आले. पूर्वी हा भार सुमारे २२० इतका होता. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी, प्रोग्रॅमिंग, अभियांत्रिकी आलेखन, कार्यशाळा आणि इंग्रजी हे विषय प्रारंभी सर्वांनी शिकावेत, अशी त्यात रचना आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रमही सुचविण्यात आला आहे.

यांपैकी विद्यार्थ्यांची खरी कसोटी पाहणारा विषय म्हणजे आलेखन, अर्थात ड्रॉइंग. बारावीपर्यंत विज्ञान शाखेच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा या विषयाशी परिचयच झालेला नसतो. येथे पाठांतराचा उपयोग होत नाही. समोर नसलेली वस्तू मनात उभी करून ती कागदावर उतरवावी लागते. उभा शंकू समोरून त्रिकोणासारखा, तर वरून वर्तुळासारखा दिसतो, एवढे सहज समजते. तोच शंकू तिरका कापला की गोंधळ सुरू होतो. त्यातच भारतात 'प्रथम कोन' पद्धत प्रचलित आहे. तीत वस्तू पाहणारा आणि प्रतल यांच्यामध्ये असल्याचे मानले जाते. त्यामुळे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढावे लागते. अमेरिकेत नेमके याच्या उलट, म्हणजे वरचे दृश्य वरच काढले जाते. परदेशी पुस्तकातून किंवा चित्रफितीतून अभ्यास करणाऱ्यांची येथे हमखास चूक होते.

गणिताची अडचण वेगळी आहे. विषय ओळखीचा असतो, पण गती बदललेली असते. शाळेत ज्या प्रकरणाला महिना मिळतो, ते येथे आठवड्यात आटोपते.

भाषेचाही प्रश्न आहेच. २०२१ मध्ये आठ राज्यांतील १४ महाविद्यालयांना हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि बंगाली या भाषांत अभियांत्रिकी शिकविण्याची परवानगी मिळाली. मात्र मराठी माध्यमातून आलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना आजही इंग्रजीतूनच शिकावे लागते. संकल्पना अवघड की वाक्य अवघड, हेच त्यांना प्रारंभी उमगत नाही. अशा विद्यार्थ्याने शंका मराठीत विचारण्यास संकोच करू नये. महाराष्ट्रातील अनेक अध्यापक त्याच भाषेत समजावून सांगतात.

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास 'एटीकेटी'च्या नियमानुसार पुढील वर्षात जाता येते, परंतु मागे राहिलेले ड्रॉइंग यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच वर्षी पुन्हा गाठते. यंत्रभागांची चित्रे त्याच नियमांनी काढायची असतात आणि तेव्हा ते नियम नव्याने शिकविले जात नाहीत.