अटलांटाचं पत्र: कागद पूर्ण, आटे वेगळे

मागच्या पत्रात इथल्या बंदुकीच्या दुकानाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच: तिकडे सायलेन्सर खरोखर दुकानात मिळतो का? मिळतो. काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, किमतीची चिठ्ठी लावून, घड्याळं मांडावीत तसा मांडलेला असतो. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला तो बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय अशा आठ राज्यांत येत नाही. आमच्या जॉर्जियात येतो.

सिनेमांनी आपल्या डोक्यात जे भरवून ठेवलंय, ते मात्र आधी काढून टाका. खलनायक कोटाच्या खिशातून नळी काढतो, पिस्तुलाच्या तोंडावर दोन वेढे देतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि पलीकडच्या खोलीत कुणाची झोपही मोडत नाही. असं काही नसतं. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलचा. चांगला सायलेन्सर त्यातले तीसेक डेसिबल कमी करतो. उरतो तो आवाजसुद्धा गल्लीला जाग आणेल एवढा असतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जात असेल, तर हवेतला तिचा कडाका वेगळाच. त्याला सायलेन्सर काहीही करू शकत नाही. १४० डेसिबलच्या वरचा एक बारही कान कायमचा अधू करू शकतो. आवाज त्या रेषेच्या खाली आणायचा, एवढंच या नळीचं काम. तिचा शोध लावणारा हायरम पर्सी मॅक्सिम हा मशीनगन बनवणाऱ्या हायरम मॅक्सिमचा मुलगा. मुलाने १९०९ साली सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि बाप मात्र आपल्याच बंदुकांच्या आवाजाने बहिरा होत गेला होता.

तो कुणीही उचलून खिशात घालतो, हाही समज सोडून द्या. १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम एवढी होती, की सामान्य माणसाने नाद सोडावा हाच हेतू दिसतो. रकमेचा आकडा नव्वद वर्षं तसाच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आला, पण कागदपत्रं तीच राहिली. दहा बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, सरकारी मंजुरी, आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानदाराच्याच ताब्यात. कायद्याच्या लेखी ही नळी स्वतःच एक बंदूक आहे, तिला स्वतःचा क्रमांक आहे. पूर्वी या मंजुरीला महिनोन्महिने लागत, कधी वर्षही उलटे.

एवढं सगळं झाल्यावर नळी हातात येते आणि पिस्तुलावर बसत नाही. मला आज खरं तर याबद्दल लिहायचंय.

साध्या पिस्तुलाची नळी, म्हणजे बॅरल, वरच्या सरकत्या भागाच्या तोंडाशी संपते. तिच्यावर काही बसवायला जागाच नसते. सायलेन्सर लावायचा तर बॅरल थोडी पुढे आलेली हवी आणि त्या पुढे आलेल्या भागावर बाहेरून आटे पाडलेले हवेत. अशी आटे पाडलेली बॅरल कंपन्या कारखान्यातूनच देतात. आट्यांवर छोटी टोपी असते, म्हणजे ते ठेचले जात नाहीत. प्रश्न एवढाच, की आटे कोणते?

अमेरिकेत ९ मिलिमीटरला रूढ झालेलं माप १/२-२८. अर्धा इंच व्यास, आपल्या लेथवाल्याच्या हिशेबात चार सूत, आणि इंचाला २८ आटे. स्मिथ अँड वेसन, रुगर यांच्या आटेदार पिस्तुलांवर हेच. युरोपातून आलेलं माप एम १३.५×१. साडेतेरा मिलिमीटर व्यास, आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, आणि वर ते उलटे, डावे आटे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीच्या ९ मिलिमीटरच्या आटेदार बॅरलवर हे माप असतं. त्या कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय माझ्या घरापासून लांब नाही, अटलांटाला लागून असलेल्या स्मिर्ना गावात आहे. पॉइंट ४५ च्या पिस्तुलांना आणखी निराळं: अमेरिकी .५७८-२८, युरोपी एम १६×१ डावं. काही ९ मिलिमीटर कार्बाइनवर १/२-३६ सापडतं. त्याचा व्यास तोच, पण आटे बारीक. १/२-२८ ची वस्तू त्यावर लावायला गेलात तर पहिला वेढा लागल्यासारखा वाटतो, मग अडकते. तिथे जोर लावला की आटे मेले.

माझ्या शेजाऱ्याचं हेच झालं. निवृत्त शिक्षक, अत्यंत शिस्तीचा माणूस. एक कान जवळजवळ गेलेला. तरुणपणी शिकारीला जाताना कानात कुणी काही घालत नसे. उरलेला कान सांभाळायचा म्हणून त्याने सायलेन्सर घेतला. ठसे दिले, फोटो दिले, कर भरला, मंजुरीची वाट पाहिली. पिस्तूल युरोपीय बनावटीचं, सायलेन्सर अमेरिकी. आणून लावतो तर तोंडाशीच अडतोय. मला म्हणाला, ‘‘माझ्या दहाही बोटांचे ठसे सरकारकडे आहेत, पण बॅरलवर कोणते आटे आहेत हे मला कुणी विचारलं नाही.’’ खरं आहे. फॉर्ममध्ये मॉडेल विचारतात, लांबी विचारतात, क्रमांक विचारतात. आट्यांचा रकानाच नाही.

त्याच्याबरोबर मी दुकानात गेलो, आणि पुढचा अर्धा तास या देशाचं मला सर्वांत जास्त आवडणारं रूप बघायला मिळालं. काउंटरवरचा माणूस साठीचा, नखांत तेलाची काळी रेघ. त्याने आधी पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा पाहिलं, बॅरल बाहेर काढली, टोपी उलट्या दिशेने फिरवून उतरवली आणि आट्यांवरून मऊ फडकं फिरवलं. मग सायलेन्सरची मागची बाजू उघडली. आत स्प्रिंग आणि पिस्टन. पिस्तुलाची बॅरल बार उडाला की मागे जाताना किंचित तिरकी होते. तिच्या टोकाला वजन लटकलं तर ती हालचाल नीट होत नाही आणि पुढची गोळी भरली जात नाही. म्हणून हा स्प्रिंगवरचा पिस्टन ते वजन क्षणभर बॅरलपासून सुटं करतो. आणि आटे असतात ते या पिस्टनमध्ये, सायलेन्सरच्या अंगात नव्हे. म्हणजे पिस्टन बदलला की आटे बदलले. त्याने मागचा खण उघडला. छोट्या पुड्या एका ओळीत, प्रत्येकीवर छापलेलं: व्यास, अंतर, दिशा. एम १३.५×१ डावा पिस्टन काढला, बसवला, आणि नुसती बॅरल व सायलेन्सर जोडून मागच्या तोंडातून उजेडाकडे धरून आम्हाला दाखवलं. आतलं भोक आणि पलीकडचं भोक, दोन वर्तुळं एकमेकांच्या बरोबर मधोमध. ‘‘हे असं दिसलं नाही तर गोळी झाडायची नाही,’’ तो म्हणाला.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १/२-२८ हे माप ९ मिलिमीटरच्या पिस्तुलावर असतं, तसंच पॉइंट २२ च्या पिस्तुलावर आणि ५.५६ च्या रायफलवरही असतं. त्या दोघांची गोळी पावणेसहा मिलिमीटरच्या आतली. त्यांच्यासाठी केलेला सायलेन्सर ९ मिलिमीटरच्या बॅरलवर सुरेख बसतो, हाताला काहीही खटकत नाही, आणि पहिल्याच गोळीला आतल्या पडद्यांच्या चिंधड्या होतात. बसलं म्हणजे चाललं असं नाही. म्हणून छापलेलं माप वाचायचं, आणि ते कशासाठी आहे तेही वाचायचं.

या देशाला हा धडा बंदुकीमुळे मिळालेला नाही. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटलं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून आगीचे बंब धावून आले, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मग प्रमाण मापाचा आग्रह सुरू झाला. त्याच्याही आधी, १८६४ साली, फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांच्या आट्याची पद्धत मांडली होती. ब्रिटिशांची व्हिटवर्थची पद्धत ५५ अंशांची. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्याच यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका मापावर आले. ते मापही इंचातलं, याचा मला राग येतो. जग मिलिमीटरवर गेलं, अमेरिका गेली नाही, आणि त्याची किंमत माझ्या शेजाऱ्यासारखे लोक दोन-दोन पिस्टन विकत घेऊन देतात.

तरीही पुडीवर माप छापलेलं होतं. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न काय येतो? ‘‘सँपल आणलंय का?’’ तुटलेला बोल्ट खिशातून काढायचा, दुकानदार तो डोळ्यांनी जोखतो, डब्यातून तीन-चार काढून हाताने फिरवून बघतो, एक बसतो. बोल्टची ओळख पान्याच्या नंबरावरून: दहा नंबरी, बारा नंबरी, तेरा नंबरी. डोक्याला कोणता पाना लागतो ते कळलं, आट्यांचं काय? आठ मिलिमीटरच्या बोल्टला सव्वा मिलिमीटर अंतराचे आटे असतात तसे एक मिलिमीटरचेही असतात. मेकॅनिक एकावर दुसरा चढवतो, जड जातोय म्हणून पाना लांब घेतो, आणि दहा वर्षांच्या स्कूटरच्या प्लगचे आटे गेले म्हणून हेड काढून टॅप मारावा लागतो. मग तोच मेकॅनिक टॅप इतक्या सफाईने मारतो, की पाहत राहावं. ही अशी कारागिरी आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीच्या शेडमध्ये अशी माणसं बसलेली आहेत, जी आट्यावरून नख फिरवून इंची की मेट्रिक ते सांगतात. गॅस वेल्डिंगवाल्याला विचारा, अ‍ॅसिटिलिनच्या बाटलीचे आटे उलटे आणि ऑक्सिजनचे सुलटे का ते तो झोपेत सांगेल. अदलाबदल झाली तर जीव जाईल, म्हणून तिथे आपण नियम पाळतो. बाकी सगळीकडे का पाळत नाही?

नियम नाहीत म्हणून नव्हे. मेट्रिक आट्यांचं भारतीय मानक आहे, आयएस ४२१८. पाइपच्या आट्यांचं आहे, आयएस ५५४. पण नळाच्या खोक्यावर छापलेलं असतं फक्त ‘अर्धा इंच’. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका स्नेह्याने पुण्याच्या फ्लॅटसाठी इथून शॉवर नेला. आपल्या पाइपला अर्ध्या इंचाला इंची १४ आटे, इथल्यालाही १४. बसला. आणि गळायला लागला. कारण आपला आटा ५५ अंशांचा, इंग्रजांनी मागे ठेवलेला. इथला ६० अंशांचा. प्लंबरने टेफ्लॉन गुंडाळली, मग सुतळी आणि सफेदा लावला, आणि गळती थांबवून दाखवली. सगळ्या घराने त्याचं कौतुक केलं. मीही करीन. पण त्या प्लंबरचा तो अर्धा दिवस, आणि असे रोज देशभर वाया जाणारे अर्धे दिवस, माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. ज्याच्या हातात एवढं कसब आहे त्याने दुसऱ्याच्या न छापलेल्या मापाची भरपाई करत का बसायचं?

गैरसमज नको म्हणून लिहितो. इथलं शस्त्रांचं मोकळं रान आपल्याकडे यावं असं मला मुळीच वाटत नाही. आपला १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. ९ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य माणसाला वर्ज्य, परवानाधारकाकडे बहुधा पॉइंट ३२. सायलेन्सर तर प्रतिबंधित यादीतच. खंडेनवमीला पूजेला तलवार किंवा लेथ असली तरी पुरे. इथे शाळांमध्ये गोळीबार झाला तर कसं वाचायचं याच्या कवायती होतात, आणि त्या पाहणाऱ्या आईबापांची अवस्था मी जवळून बघितली आहे.

माझं मागणं लहान आहे. हे पत्र कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, भोसरी, नाशिकच्या कारखानदारांपैकी कुणी वाचत असेल, तर आपल्या मालाच्या पुडीवर तीन गोष्टी छापा: व्यास, आट्यांमधलं अंतर, आणि आटे उलटे की सुलटे. आणि वाचकांनी पुढच्या वेळी दुकानात ‘‘सँपल आणलंय का?’’ असं ऐकलं, की ‘‘पुडीवर माप दाखवा’’ एवढं जरूर म्हणावं.