कारध्याच्या आकड्यात गृहीतक किती?

भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. इथे कुणाला पाळणा लांबवायचा आहे, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणी तांबी बसवलीय, हे आशाताईंच्या पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मात्र जिल्ह्यापाशी थांबते. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी 1992-93 पासून करते. देशभरचे जिल्हावार आकडे 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून मिळू लागले. पाचव्या फेरीत सात लाखांवर स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, तरी निवडलेल्या एका गावातली घरं जेमतेम 22.

एवढ्याशा उत्तरांवरून गावाचा अंदाज बांधायचा, तर संख्याशास्त्रातली बेजची पद्धत कामी येते. आधीची समजूत, म्हणजे गृहीतक, आणि हाती आलेली उत्तरं यांची ती वजनानुसार सांगड घालते. समजा, 20 पैकी 13 जणी गर्भनिरोधक साधन वापरतात, म्हणजे 65 टक्के. आपण आधीच 80 टक्के धरले आणि त्या समजुतीला 10 जणींइतकं वजन दिलं, तर उत्तर 70 येतं. 100 जणींइतकं दिलं तर 77.5. हेच जिल्ह्यात 800 पैकी 520 असेल, तर 65.2 आणि 66.7. उत्तरं थोडी असली की गृहीतकाचा आवाज चढतो.

खरी गोची विरळ साधनांची. पुरुष नसबंदीचं देशातलं प्रमाण पाचव्या फेरीत 0.3 टक्के होतं. गावात 20 पैकी एकीनेही ती सांगितली नाही आणि ‘सगळ्या शक्यता सारख्या’ असं निरागस गृहीतक घेतलं, तर अंदाज निघतो साडेचार टक्के! लॉजिट मापावर (‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) शून्याभोवती, म्हणजे 50 टक्क्यांभोवती, 10 प्रमाण विचलनाचं पसरट गृहीतक घ्या, ते तर जवळपास दोन तृतीयांश विश्वास 1 टक्क्याच्या खाली किंवा 99 च्या वर टाकतं. कोरी पाटी म्हणून जे घेतलं जातं, ते कोरं नसतं.

लिओन्टाइन अल्केमा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेलं गर्भनिरोधनाच्या अंदाजांचं जागतिक प्रारूप 2017 मध्ये भारतातल्या 29 राज्यं व केंद्रशासित प्रदेशांना लावलं गेलं. कमी माहितीच्या प्रदेशाला इतरांच्या माहितीचा आधार देणं हे त्याचं बळ, आणि मला ते मोलाचं वाटतं. पण आधार कुणाचा, हे पाहायलाच हवं. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या भंडाऱ्याच्या आकड्यांत आता गोंदियात असलेले देवरी, सालेकसाही आहेत. ते जसेच्या तसे आजच्या भंडाऱ्याचं गृहीतक केले, तर कारध्याच्या बाईच्या उत्तरात दुसऱ्याच जिल्ह्याचं उत्तर मिसळतं. ‘अंतरा’ ही गर्भनिरोधक इंजेक्शनं किती मागवायची, हे अशाच आकड्यांवर ठरू लागलं तर उपकेंद्रातून रिकाम्या हाताने परतेल ती तीच बाई.

म्हणून गावपातळीचे अंदाज छापणाऱ्यांना कळकळीची विनंती: गृहीतक आणि त्याचं वजन आकड्याशेजारीच छापा, दोन-तीन वेगळी गृहीतकं घेऊन आलेली उत्तरंही द्या. ती फार फाकत असतील, तर त्या गावात आणखी घरं विचारा.