ड्रॅगनवध-कथा, ख्रिस्ती
सर्पाकृती राक्षसी प्राण्याचा देव, देवदूत वा संत यांच्याकडून होणारा निःपात वर्णन करणाऱ्या ख्रिस्ती परंपरेतील कथा. त्यांचे मूळ पश्चिम आशियातील ख्रिस्तपूर्व सृष्टिकथांत आढळते. बॅबिलनचा मार्डुक तिआमत या सागरशक्तीला मारून तिच्या देहापासून विश्व घडवितो. बायबलच्या जुन्या करारातील लिव्याथानाचे उल्लेख याच वारशाचे होत. ऋग्वेदातील इंद्र–वृत्र युद्धही याच जातीचे.

नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मीखाएल हा देवदूत सात मस्तकांच्या ड्रॅगनला स्वर्गातून खाली लोटतो. हा ड्रॅगन म्हणजेच पुरातन साप व सैतान, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘अजगर’ हा शब्द रूढ झाला. तो फारसा नेमका नाही. शिवाय जेथे नागपंचमीस नागाची पूजा होते, तेथे सर्प हे निव्वळ दुष्टतेचे प्रतीक म्हणून स्वीकारले जाणे कठीणच.

सर्वांत लोकप्रिय कथा संत जॉर्जची. चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झाल्याचे मानल्या जाणाऱ्या या सैनिकाला ड्रॅगनची कथा अनेक शतकांनंतर चिकटली. तेराव्या शतकातील याकोबुस दे व्होराजिने याच्या संतचरित्रसंग्रहामुळे ती यूरोपभर पसरली. ड्रॅगनला रोज बळी देणारे नगर, चिठ्ठीने राजकन्येवर आलेली पाळी आणि परक्या वीराने केलेली सुटका हा तिचा गाभा. मराठी वाचकास येथे एकचक्रा नगरीतील बकासुराची आठवण व्हावी. फरक असा, की जॉर्ज जखमी ड्रॅगनला नगरात आणवितो आणि लोकांनी बाप्तिस्मा स्वीकारल्यावरच त्याला मारतो.

तथापि भाल्याने मिळविलेला हा विजय ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी नाही. तेथे विजेता स्वतःच वधस्तंभावर मरतो आणि पुनरुत्थानाने मृत्यूला जिंकतो. ‘प्रकटीकरणा’तही ड्रॅगनवरील जयाचे श्रेय वधलेल्या कोकराच्या रक्ताला दिले आहे. स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्टाफ औलेन (१८७९–१९७७) यांनी १९३० मध्ये, क्रूस हा दुष्ट शक्तींवरील विजय होय, हीच प्राचीन चर्चची मुख्य धारणा असल्याचे प्रतिपादन केले.

मराठीत हा आशय प्रथम विस्ताराने मांडला तो फादर स्टीफन्स यांनी, गोव्यात १६१६ मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ते ओवीबद्ध आहे. असुरांना मारणाऱ्या देवांच्या कथांवर वाढलेल्या या श्रोत्यांना मारला जाणारा देव समजावून सांगणे, हे त्यातील खरे अवघड काम होते. माहीम (मुंबई) व हणजूण (गोवा) येथील कॅथलिक चर्चे संत मायकेलच्या नावाची आहेत. सावेडी उपनगर ज्याचा भाग आहे त्या अहमदनगरमध्ये (२०२४ पासून अहिल्यानगर) मात्र १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंट असल्याने संतपूजेला व तदनुषंगाने जॉर्जच्या कथेला तेथील उपासनेत स्थान नव्हते. या मिशनशी संबंधित कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तायन रचावयास घेतले ते येशूचे चरित्र म्हणून. १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ते काव्य लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे पूर्ण केले.