सिग्नलला उभी गाडी का थरथरते?

गाडी सिग्नलला थांबते, रेसचा काटा खाली येतो आणि सीटमधून, स्टिअरिंगमधून थरथर जाणवू लागते. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं माउंटिंग गेलं, कुणी म्हणतं प्लग बदला, कुणी सगळा दोष पेट्रोलला देतं. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीच्या बाबतीत खरा ठरलेला असतो. तुमच्या गाडीचं दुखणं तेच असेल असं मात्र नाही, आणि अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत गेलं की बिल वाढतं, थरथर तशीच राहते.

इंजिन मुळात हादरे देणारंच यंत्र आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. गाडी उभी असताना, म्हणजे मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांवर, चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात २०. ते आपल्यापर्यंत पोचू नयेत म्हणून इंजिन रबरी माउंटिंगवर तोललेलं असतं. त्यामुळे थरथर वाढली की प्रश्न दोनच उरतात: इंजिन नेहमीपेक्षा जास्त हादरतंय, की नेहमीचाच हादरा आता जास्त पोचतोय? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत की पुढचे गैरसमज तयार होतात.

गैरसमज १: गाडी थरथरते, म्हणजे इंजिनचं मोठं काम निघालं.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा इंजिन उघडावं लागत नाही. झिजलेला प्लग, कमजोर कॉइल, थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, चिरलेला व्हॅक्यूम पाइप किंवा बसलेलं माउंटिंग, हे नेहमीचे संशयित. यांतला कोण, हे ओळखायला थरथरीची लय उपयोगी पडते.

एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, ज्याला गॅरेजात ‘मिसिंग’ म्हणतात, तर दर दोन फेऱ्यांमागे एक धक्का गळतो. ८०० फेऱ्यांच्या हिशेबाने हे सेकंदाला साधारण सात वेळा घडतं. म्हणून मिसिंगची थरथर संथ आणि लंगडी असते. सायलेन्सरपाशी कान दिला तर आवाजही तुटक येतो. माउंटिंग गेलं असेल तर उलट चित्र दिसतं: आवाज एकसारखा, काटा स्थिर, पण स्टिअरिंगला बारीक, सलग कंप. तिसरा प्रकार म्हणजे काटाच स्वतःहून वर-खाली होणं. तिथे इंजिनात जाणाऱ्या हवेचं गणित बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कुठेतरी गळती किंवा मळलेली थ्रॉटल बॉडी. हे सगळं तपासूनही एक सिलिंडर कमजोरच राहिला, तर कॉम्प्रेशन मोजायचं. इंजिन उघडण्याची चर्चा त्यानंतरची.

गैरसमज २: तीन सिलिंडरची गाडी आहे, थरथरणारच.

वस्तुस्थिती: अर्धं खरं आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात धक्के संख्येने कमी, म्हणून दोन धक्क्यांमधलं अंतर जास्त. शिवाय दोन टोकांचे पिस्टन एकमेकांना पुरते तोलत नाहीत, त्यामुळे इंजिन लांबीच्या दिशेने डुलतं. पण याचा स्वस्त-महाग याच्याशी संबंध नाही. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरची होती, आणि २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्येही चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन आलं. तुलना करायचीच तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करावी. गाडी दोन वर्षं शांत होती आणि आता थरथरू लागली असेल, तर सिलिंडरांच्या संख्येवर खापर फोडता येत नाही. शोरूममधून बाहेर पडताना होते तेवढेच सिलिंडर आजही आहेत. बदललंय ते दुसरंच काहीतरी.

गैरसमज ३: माउंटिंग जितकं कडक, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: माउंटिंगला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. गाडीने उसळी घेतली की इंजिन जागेवर धरून ठेवायचं आणि उभ्या गाडीत त्याचे हादरे गिळायचे. पहिल्या कामाला कडकपणा लागतो, दुसऱ्याला मऊपणा. मिक्सरचे रबरी पाय झिजले की तो सगळा ओटा हादरवतो, तसंच रबर कडक झालं किंवा फाटून धातू धातूला टेकला की हादरा सरळ बॉडीत शिरतो. आणि वेगाने येणाऱ्या कंपापेक्षा संथ कंप अडवणं रबराला जास्त जड जातं. म्हणूनच खराब माउंटिंग सिग्नलला त्रास देतं आणि रेस वाढवताच गप्प बसल्यासारखं वाटतं.

हलक्या प्रतीचं, नको इतकं कडक माउंटिंग बसवलं तर ‘नवीन टाकूनही थरथर वाढली’ अशी तक्रार येते. कधी भाग चांगला असतो, पण बोल्ट आवळताना इंजिन तिरकं ताणलेलं राहिलेलं असतं. काही माउंटिंगमध्ये आत द्रव भरलेला असतो. त्यावर ओघळ दिसला तर ते संपलं असं समजावं.

गैरसमज ४: ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये थरथरते, म्हणजे गिअरबॉक्स गेला.

वस्तुस्थिती: टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ब्रेक दाबून उभं असतानाही इंजिन आतल्या तेलातून चाकांना ढकलत असतं. इंजिनावर भार येतो, ते माउंटिंगवर एका बाजूला पिळलं जातं आणि थोडा कंप वाढतो. एवढं नैसर्गिक आहे. ‘एन’मध्ये गाडी एकदम शांत आणि ‘डी’मध्ये जोरात थरथरत असेल, तर पहिला संशय माउंटिंगवर घ्यावा. एएमटी गाडीत ब्रेक दाबून उभं असताना क्लच सुटलेला असतो, म्हणून ‘डी’ आणि ‘एन’मध्ये फारसा फरक जाणवू नये. तिथे फरक पडत असेल तर क्लच आणि त्याची यंत्रणा तपासून घ्यावी.

गैरसमज ५: व्हील बॅलन्सिंग करून घ्या, थरथर जाईल.

वस्तुस्थिती: उभ्या गाडीची चाकं फिरतच नाहीत. न फिरणाऱ्या चाकाचं असंतुलन जाणवणार कसं? बॅलन्सिंगची थरथर महामार्गावर ठराविक वेगाला येते. उभ्या गाडीत इंजिनाखेरीज संशय घ्यायचाच तर खालून घ्यावा: स्पीडब्रेकरला घासून सरकलेला सायलेन्सर, त्याचं तुटलेलं टांगतं रबर, सैल झालेली पत्र्याची ढाल. इंजिन निरोगी असलं तरी असा एखादा टेकलेला भाग सगळ्या केबिनमध्ये घरघर पोचवतो.

गैरसमज ६: रेस थोडी वाढवून घेतली की काम झालं.

वस्तुस्थिती: कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरवून रेस वाढवायची सोय होती. आजच्या गाडीत उभ्या गाडीची रेस ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. एसी सुरू झाला, हेडलाइट लागले, इंजिन थंड असलं तर तो ती आपोआप सांभाळतो. त्याला ती सांभाळता येत नसेल तर कारण शोधायला हवं. जबरदस्तीने रेस वाढवली तर कंप झाकला जातो, मिसिंग आणि हवेची गळती तशीच राहते, वर पेट्रोल जास्त जळतं. बॅटरी काढून लावल्यावर किंवा थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही दिवस आयडलिंग बिघडू शकतं. ईसीयूला हवेचा अंदाज पुन्हा शिकावा लागतो, काही गाड्यांत तो स्कॅनर लावून शिकवावा लागतो.

गैरसमज ७: चेक लाइट लागलेली नाही, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती: साध्या माउंटिंगला सेन्सर नसतो. ते फाटलं तरी डॅशबोर्डला कळणार नाही. मिसिंगसुद्धा ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच दिवा पेटतो. त्याआधीच्या नोंदी स्कॅनरवर सापडू शकतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्याचं, आणि ‘पी ०३००’ म्हणजे एका सिलिंडरपुरतं न राहिलेलं. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत पुढची परीक्षा फुकट होते: पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावायची. कोडही दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं, आणि तो भाग महागडा आहे.

याच कारणासाठी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर किंवा कॉइल ओढून बघायची जुनी पद्धत सोडून द्यायला हवी. त्यात हजारो व्होल्टचा झटका बसण्याचीही भीती असते.

गैरसमज ८: महागडं पेट्रोल टाका, नाहीतर दोष ई२० चा.

वस्तुस्थिती: ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंगला तोंड देण्याची ताकद. नॉकिंग भाराखाली होतं, घाट चढताना होतं. सिग्नलला उभ्या इंजिनावर तेवढा भार नसतो, म्हणून जास्त ऑक्टेनने आयडलिंगचा कंप जात नाही. इथेनॉलचं म्हणाल तर एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, साधारण १३.५ किलो. एवढा फरक ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू मिळून भरून काढतात. जुन्या गाड्यांतले रबरी भाग किंवा टाकीत शिरलेलं पाणी हा वेगळा, तपासण्याजोगा मुद्दा आहे. मात्र गाडी ‘डी’मध्ये थरथरते आणि ‘एन’मध्ये शांत होते, तेव्हा टाकीत पेट्रोल तेच असतं.

गॅरेजात जाण्यापूर्वी

थरथर थंड इंजिनाला येते की तापल्यावर? एसी बंद केला की जाते का? रेडिएटरचा पंखा सुरू झाला की वाढते का? गिअर बदलल्यावर, किंवा न्यूट्रलला क्लच दाबल्यावर फरक पडतो का? काटा स्थिर आहे की हलतो? अलीकडे कुठलं काम झालं, त्यानंतरच सुरू झाली का? हे चार-पाच दिवस पाहून लिहून ठेवावं. बॉनेट उघडून कुणी पाहत असेल तर चालकाने ब्रेक पक्का दाबून ठेवावा आणि गाडीसमोर कुणी उभं राहू नये.

‘गाडी थरथरते’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने सुरुवात करणार आणि अंदाजाचे पैसे आपण भरणार. ‘एसी लावला की, फक्त ‘डी’मध्ये, काटा स्थिर असताना थरथरते’ असं सांगितलं, तर तो प्लगचं खोकं उघडण्याआधी माउंटिंगखाली टॉर्च धरेल.