440.9 किलोचा हिशेब

440.9 किलो. 13 जून 2025 रोजी इस्रायलचे हल्ले सुरू झाले, त्या दिवशी इराणकडे 60 टक्के समृद्ध केलेले इतके युरेनियम होते, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा अंदाज. याच संस्थेच्या मापाने असे 42 किलो युरेनियम आणखी समृद्ध केले की एका बॉम्बपुरते होते. म्हणजे दहा बॉम्बांची सोय.

इराणशी झालेल्या 2015 च्या अणुकरारातली मर्यादा होती 3.67 टक्के आणि 300 किलो. सुमारे 10 टनांचा साठा इराणने तेवढ्यावर आणला, आणि निरीक्षक तो नियमित तपासत होते. मे 2018 मध्ये अमेरिकाच करारातून बाहेर पडली. एप्रिल 2021 मध्ये इराण 60 टक्क्यांवर पोचला. जून 2022 मध्ये त्याने संस्थेचे 27 कॅमेरे काढायला लावले.

पुण्यातल्या खराडीत बसून हे परक्यांचे भांडण वाटते. पण अणुबंदीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे आणि तेव्हा संशयाच्या पिंजऱ्यात आपण होतो.

ट्रॉम्बेची 'सायरस' अणुभट्टी 40 मेगावॅटची, 1960 सालची. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे. वापर शांततेसाठीच, एवढे वचन घेतले होते. तपासणीची अट नव्हती. 18 मे 1974 च्या पोखरण स्फोटातले प्लुटोनियम तिथलेच. भारताने स्फोटाला शांततामय म्हटले, कॅनडाने विश्वासघात.

तारापूरचे तसे नाही. 1969 मध्ये वीज देऊ लागलेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या निरीक्षकांच्या नजरेखाली राहिल्या. 1963 च्या करारात अमेरिकेने 30 वर्षे इंधन देण्याचे कबूल केले होते. 1978 च्या स्वतःच्याच कायद्याने तिने हात आखडता घेतला. 1982 मध्ये फ्रान्स पुढे आला, नंतर चीन आणि रशिया. तारापूरचे इंधन बॉम्बकडे वळल्याचा ठपका संस्थेने कधी ठेवला नाही. इंधन अडवून 1998 चे स्फोट मात्र टळले नाहीत.

बंदीने उशीर होतो, हे खरे. पण माझ्या मते खरा लगाम मोजणीचा. उत्तर कोरियाने डिसेंबर 2002 मध्ये निरीक्षक हाकलले. ऑक्टोबर 2006 मध्ये पहिली अणुचाचणी केली. चार वर्षेही लागली नाहीत.

जून 2025 मध्ये अमेरिकेनेही इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्या 440.9 किलोची पडताळणी करता आलेली नाही, असे संस्थेने नोव्हेंबर 2025 च्या अहवालात नोंदवले.